पासष्टीच्या आत मरा, नाहीतर दाखला आणा

म्हातारपणालाही जात असते. हे वाक्य वाचून ज्यांच्या कपाळावर आठी आली त्यांनी अंक इथंच मिटावा आणि बागेतल्या हास्यक्लबात जाऊन दोन्ही हात वर करून हसून घ्यावं. फुप्फुसं मोकळी होतात म्हणे. आमच्या वस्तीत हसायला क्लब लागत नाही आणि रडायला रजा मिळत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी वरूडचा. अमरावती जिल्ह्याच्या वरच्या टोकाचा तालुका, पलीकडं मध्य प्रदेश. संत्र्याचा मुलूख. विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणून आमचं कौतुक होतं. खऱ्या कॅलिफोर्नियात ओकलंड नावाचं शहर आहे. तिथल्या पोरांबद्दल पुढं बोलणारच आहे. आधी संत्र्याबद्दल.

संत्र्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. बांगलादेशनं आयात शुल्क वाढवत नेलं, भाव पडले, तेव्हा ओरड झाली आणि २०२३ साली राज्य सरकारनं निर्यातीला अनुदान जाहीर केलं. बरं झालं. संत्रा जगला पाहिजे. झाडाला रोग पडला तर सल्ला द्यायला कृषी विद्यापीठाची माणसं आहेत. झाड म्हातारं झालं तर त्याची वाळकी फांदी कशी छाटायची, कापलेल्या जागी काय लावायचं, खत किती द्यायचं, म्हणजे ते पुन्हा फुटेल, याचं शास्त्र लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे झाडाच्या म्हातारपणाचा विचार झाला आहे. ज्यानं त्या झाडाचं आळं खणलं, रात्री लाईन आली की उठून ओलीत केलं, फळ तोडून भरलेलं कॅरेट डोक्यावर घेतलं, त्याच्या म्हातारपणाचा हिशेब कोणाच्या वहीत आहे? जी बाई त्याच बगीच्यात कमरेत वाकून निंदत राहिली आणि आता सरळच होत नाही, तिच्या फांदीला काय लावायचं?

तिला सरकार म्हणतं, ज्येष्ठ नागरिक. हा शब्द मला झेपत नाही. त्याला पेन्शनीचा वास येतो, इस्त्रीच्या शर्टाचा वास येतो. आमच्याकडं बुढा असतो आणि बुढी असते. पांढरपेशांची वर्तमानपत्रं रविवारच्या पुरवणीत म्हाताऱ्यांना सल्ले देतात. सकाळी फिरायला जा. मीठ कमी करा. छंद जोपासा. आनंदी राहा. जी पन्नास वर्षं रोज कोसभर चालत वावरात गेली तिला तुम्ही चालायला सांगता? जिच्या भाकरीवर मीठ-तिखटाशिवाय दुसरं काही पडलंच नाही तिला मीठ कमी करायला सांगता? आणि छंद? तिला विचारा. ती म्हणेल, झोपायचा.

सल्ला वाईट नाही. सल्ला ज्याच्यासाठी लिहिला आहे तो माणूस वेगळा आहे, एवढंच.

आता पासष्टीचं बोलू. आपल्या राज्यात श्रावणबाळ योजनेचं वय आहे ६५. सरकारच्या लेखी माणूस ६५ला म्हातारा होतो. आमच्या लोकांचं म्हातारपण पन्नाशीतच येतं, कारण शरीर वयानं झिजत नाही, कामानं झिजतं. आणि ६५ला किती पोचतात? जोतीराव गेले ६३व्या वर्षी, त्याआधी दोन वर्षं अर्धांगवायूनं खिळलेले. बाबासाहेब गेले ६५व्या वर्षी. जगातली सगळी विद्या मिळवलेला माणूस, मधुमेहानं पाय पोखरलेले. अण्णा भाऊ साठे ४८. दया पवार ६१. नामदेव ढसाळ ६४. म्हणजे आमचा महामानव श्रावणबाळाच्या उंबऱ्यावर जेमतेम पोचला आणि आमचे तिघे लेखक तर तिथवर पोचलेच नाहीत. ही आमची नावं असलेली माणसं. बिननावाच्यांचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, पाच-सहा नावांनी सिद्धांत होत नाही. बरोबर आहे. मग आकडा घ्या. भारतातल्या नऊ राज्यांतल्या २०१०-११च्या आरोग्य पाहणीवरून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र त्या नऊत नव्हता. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचं जन्माच्या वेळचं अपेक्षित आयुर्मान तीन वर्षांहून जास्त कमी आणि आदिवासींचं चार वर्षांहून जास्त कमी, असं त्यात निघालं. संशोधकांनी हेही तपासलं की हा फरक नुसता गरिबीचा आहे का. गरिबीनं सगळा फरक समजत नाही. बाकी राहतं ते काय, ते आम्हाला सांगायची गरज नाही.

तेव्हा वयाची अट सगळ्यांना सारखी, हा न्याय नाही. ज्याचं आयुष्य आखूड केलं त्याला लांब आयुष्याची अट घालायची, हा हिशेब सावकाराचा आहे. हप्ता तुम्ही भरा, मुदत संपायच्या आत मरा, रक्कम आमची.

आता त्या नावाकडं बघा. श्रावणबाळ. नाव कोणी सुचवलं असेल त्याच्या बुद्धीला सलाम. आंधळे आईबाप कावडीत घालून तीर्थाला नेणारा पोरगा. म्हणजे मुळातच निरोप असा, की म्हाताऱ्यांचं ओझं पोराच्या खांद्यावर, सरकार फक्त आशीर्वाद देणार. पण गोष्ट पुरी आठवा ना. श्रावणबाळाला मारलं कोणी? राजानं मारलं. अंधारात, पाणी भरताना, आवाजावर बाण सोडून. आणि मग तो आईबापांपुढं हळहळला. योजनेला नाव अगदी बरोबर दिलं आहे.

राजाची हळहळ आता मोजू. १५ ऑगस्ट १९९५ला केंद्रानं वृद्धांना पेन्शन सुरू केली, महिना ७५ रुपये. २००७ साली तिला इंदिरा गांधींचं नाव लागलं. तेव्हापासून ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यासाठी केंद्राचा वाटा आहे महिना २०० रुपये. म्हणजे दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. ऐंशीच्या पुढं गेला तर ५००. राज्य वरून भर घालतं. २०२३पासून सगळं मिळून महिना १५०० झाले. दिवसाला ५० रुपये. त्याच राज्यात २०१६ साली माजी आमदाराची पेन्शन ४० हजारांवरून ५० हजार केली, महिन्याला. आमच्या ३४ बुढ्या एका पारड्यात टाका, तेव्हा कुठं एक माजी आमदार उचलला जातो. केंद्राच्या नोकरदारासाठी १ एप्रिल २०२५पासून नवी योजना आली. तिच्यात दहा वर्षं नोकरी झाली की कमीत कमी १० हजार. मिळू दे त्यांना. त्यांच्या ताटातलं काढा असं मी म्हणत नाही. मी विचारतो, पन्नास वर्षांच्या निंदणाला नोकरी का म्हणत नाहीत?

आणि हे दिवसाचे पन्नास रुपये तरी कोणाला? नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत पाहिजे, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला पाहिजे. २१ हजार. दिवसाला ५७ रुपये. आता जरा कान देऊन ऐका. लाडक्या बहिणीची योजना २०२४ साली आली, वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना त्याच वर्षी आली, तिथंही अडीच लाख. मुख्यमंत्री वयोश्री योजना, म्हाताऱ्यांना चष्मा-काठी-कानयंत्र घ्यायला, तिथं दोन लाख. म्हणजे देवाला जायचं असेल तर अडीच लाखवाला गरीब. काठी घ्यायची असेल तर दोन लाखवाला गरीब. आणि भाकर पाहिजे असेल तर एकवीस हजारवालाच गरीब! एकच बाई, चौसष्ट वर्षांची असते तोवर सरकारची लाडकी. पासष्ट पुरे झाले, की तिनं एका रात्रीत अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर उतरून दाखवावं. बहीण म्हातारी झाली की लाडकी राहत नाही, हे इतकं स्पष्ट कोणत्याच नाठाळ भावानंही आजवर लिहून दिलं नव्हतं.

आणखी एक जोड लावा. वयोश्रीत ६५ वर्षांवरच्याला, चष्मा, कानयंत्र, काठी, कमरेचा पट्टा सगळ्याला मिळून, एकदाच ३,००० रुपये. तीर्थदर्शनात एका माणसामागं प्रवासाला ३०,००० रुपयांपर्यंत. डोळ्याला तीन हजार, दर्शनाला तीस हजार. डोळे नसतील तर दर्शन कशाचं घ्यायचं, हे एकदा त्या देवालाच विचारा.

दाखल्याचं मी बघितलेलं सांगतो. गावाचं, बँकेचं नाव घेत नाही, कारण हे सगळीकडंच असं आहे. आजीला घेऊन पैसे काढायला गेलो. टेबलावर अंगठ्याचं यंत्र. तीनदा अंगठा लावला, तीनदा लाल दिवा. पोरगा भला होता.

म्हणाला, "आजी, अंगठा पुसून लावा ना जरा."

आजी म्हणाली, "किती पुसू रे बाप्पा? जलमभर पुसूनच त राह्यली. दुष्काळात गोटे फोडले, निंदन केलं, त्यातच गेला तो अंगठा. आता कुठून आनू?"

रांगेतले हसले. मीही हसलो असतो, पण विचार केला. शाळेत घेतलं नाही म्हणून या पिढीला जन्मभर अंगठाबहाद्दर म्हणून हिणवलं. आता तोच अंगठा सरकारनं सहीच्या जागी मागितला, तर तो उमटत नाही. कामानं रेषा पुसल्या. बुढी जिवंत आहे, समोर उभी आहे, बोलते आहे. यंत्र म्हणतं, नाही. आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला आणावा लागतो तो वेगळाच. जिवंत असण्याचा दाखला! जन्मल्याचा दाखला या लोकांना कोणी दिला नाही, शाळेचा दिला नाही, जमिनीचा दिला नाही. शेवटी मागितला तो हा.

प्रस्थापितांचं मराठी साहित्य म्हाताऱ्यांसाठी फार रडलं आहे. १९७० साली शिरवाडकरांचं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. एका मोठ्या नटानं सगळं घरदार पोरांना वाटून टाकलं आणि मग त्यालाच निवारा उरला नाही. सगळा मध्यमवर्ग हुंदके देऊन रडला, अजून रडतो. मी त्या नाटकाला वाईट म्हणत नाही. पण दोस्तहो, वाटून टाकायला त्याच्याकडं घर होतं. आमच्या बुढ्यानं पोरांना काय वाटायचं? गायरानावरची झोपडी, जी सातबाऱ्यात नाही?

कायदाही त्याच नाटकातून उतरलेला आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७चा कायदा. पोरानं सांभाळलं नाही तर न्यायाधिकरणात जा, महिना दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता नावावर करून दिली असेल तर ती परत मिळू शकते. ज्याच्याकडं मालमत्ता आहे त्याला उपयोगी कायदा. पण ज्याचा पोरगा स्वतः रोजमजुरीवर आहे त्यानं कोणावर दावा लावायचा? पोरगा नालायक नाही, पोरगा कफल्लक आहे. दोघं एकाच रोजावर जगतात. त्या कायद्यात एक कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, निदान १५० निराधार म्हाताऱ्यांची सोय. वाचून छाती फुगते. मग शब्द नीट वाचा. शासन स्थापन 'करू शकेल'. करील नाही. पोरासाठी कायदा म्हणतो केलंच पाहिजे, आणि स्वतःसाठी म्हणतो जमलं तर बघू.

यावर काही शहाणे म्हणतात, म्हातारपण हे दुःखच आहे, त्याला सरकार काय करणार? भगवान बुद्धसुद्धा म्हातारा माणूस बघून घराबाहेर पडले. इथं मला थांबवायचं आहे. ही कथा बाबासाहेबांनी नाकारली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी हा प्रश्न घेतला. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही. त्यांनी दाखवलं कारण दुसरं. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, गौतमानं युद्धाला विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावं लागलं. बाबासाहेबांनी नियतीचं दुःख बाजूला सारलं आणि वाटणीचं भांडण पुढं आणलं. वरूडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथं बोअर शेकडो फूट खाली गेले, भूजल इतकं उपसलं की तालुका अतिशोषितांच्या यादीत गेला. पाणी कोणाच्या बगीच्याला पोचलं आणि हंडा घेऊन कोण फिरलं, हे गुडघ्यांना माहीत आहे. सुरकुती येणं हा निसर्ग. गुडघा पन्नाशीत जाणं हा निसर्ग नाही. मोतीबिंदू होणं हा निसर्ग. मोतीबिंदूनं आंधळं राहणं हा निसर्ग नाही. तो वाटणीचा प्रश्न आहे.

आणि उपाय आहेत. म्हणून तर राग येतो. उपाय नसते तर रडून मोकळे झालो असतो.

डोळे घ्या. २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या पाहणीत पन्नाशीच्या पुढच्यांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा ६६ टक्के निघाला. थोड्या वेळाचं ऑपरेशन, आणि सरकारी कार्यक्रमात ते फुकट होतं. म्हणजे तीन आंधळ्यांतले दोन उगाच आंधळे. साधा जवळचा चष्मा घ्या. आसामच्या चहामळ्यात चाळिशीच्या पुढच्या मजुरांना चष्मे देऊन बघितलं. २०१८ साली निकाल आला. चष्मा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. पान खुडायला डोळा लागतो, तसा संत्रं निवडायलाही लागतो, डाळीतला खडा काढायलाही लागतो.

पडणं घ्या. बुढी न्हाणीत पडली, खुबा मोडला, खाटेला खिळली आणि गेली, ही गोष्ट प्रत्येक घरात आहे. जगभरातल्या १०८ चाचण्या, २३ हजारांवर म्हातारी माणसं, २०१९ साली एकत्र तपासली. तोल आणि पायातली ताकद वाढवणाऱ्या व्यायामानं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी उतरतं. चालायला जा हा सल्ला वेगळा आणि हा वेगळा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, बसणं, पुन्हा उठणं. भिंत धरून एका पायावर उभं राहणं. कोणीतरी शेजारी पाहिजे, आठवड्यातून दोन-तीनदा पाहिजे, महिनोन्‌महिने पाहिजे. औषध नाही, यंत्र नाही. माणूस लागतो.

मन घ्या. आमच्याकडं म्हातारीच्या मनाला मन म्हणत नाहीत, कुरकुर म्हणतात. गोव्यात 'संगथ' संस्थेच्या लोकांनी साठीच्या पुढची, खिन्नतेच्या काठावर असलेली १८१ माणसं निवडली. निम्म्यांशी बोलायला डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. अडचण एकेक करून सोडवायची, झोप सुधारायची, साखर-रक्तदाब सांभाळायचा आणि सरकारी योजनांपर्यंत हात धरून न्यायचं. वर्षभरानंतर, मदत मिळालेल्यांत पूर्ण नैराश्यात गेले ४ टक्क्यांच्या जवळपास, न मिळालेल्यांत १४ टक्क्यांहून जास्त. २०१९ साली हे छापून आलं. नीट बघा, योजनेचा फॉर्म भरून देणं हाही तिथं उपचाराचा भाग होता. फॉर्म म्हणजे औषध, हे वैद्यकशास्त्र आता सांगतं.

स्मृतिभ्रंश घ्या. 'लॅन्सेट'च्या आयोगानं २०२४ साली सांगितलं की जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येण्यासारख्या चौदा कारणांशी जोडलेला आहे. त्या यादीत ऐकू न येणं आहे, न दिसणं आहे, रक्तदाब आहे, एकटेपण आहे. आणि यादीच्या सुरुवातीला आहे लहानपणी शाळा न मिळणं. म्हणजे ज्यांना वर्गाबाहेर बसवलं त्यांची सजा सातवीत संपली नाही. ती सत्तरीत मेंदूत उगवली. अस्पृश्यता १९५० साली घटनेनं मोडली. तिचं व्याज अजून वसूल होतं आहे.

कागदावर सरकारलाही हे माहीत आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एकदा म्हाताऱ्यांचा दवाखाना, ग्रामीण रुग्णालयात दोनदा, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड. तुमच्या तालुक्यात हा दवाखाना कोणत्या वारी भरतो? जा आणि पाटी वाचा. पाटी नसेल तर का नाही ते विचारा. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत चिठ्ठीपासून उपचार फुकट आहेत. चांगलं झालं. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला पाच लाखांचा आयुष्मान विमा आहे. तोही घ्या. पण तो भरती झाल्यावर चालतो. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला चालत नाही. गोळी न मिळून अर्धांग गेलं की मग पाच लाख. झाड वाळल्यावर ओलीत.

एक योजना मात्र मी डोळ्यांनी चाललेली बघतो. २६ ऑगस्ट २०२२पासून ७५च्या पुढच्यांना एसटी फुकट आणि ६५ ते ७५ना अर्धं तिकीट. आमच्याकडून अमरावती साधारण नव्वद किलोमीटर. आता बुढा उठतो, गाडीत बसतो, इर्विनला डोळे दाखवून येतो, वाटेत लेकीला भेटून येतो. ना तलाठी, ना उत्पन्नाचा दाखला, ना दलाल. वय दाखव आणि बस. ही का चालते? कारण ती भीक नाही, हक्क आहे. सगळ्यांना आहे. पाटलाचा बुढा आणि महारवाड्यातला बुढा एकाच बाकड्यावर बसतो. योजना कशी असावी, हे शिकायला परदेशात जायला नको. वरूडच्या बसस्टँडवर उभं राहा.

आता ओकलंड. ज्या ब्लॅक पँथरांवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, ते १९६६ साली ओकलंडला उभे राहिले. बंदूक घेतलेला त्यांचा फोटो सगळ्यांना ठाऊक आहे. तो आपण भिंतीला लावला. त्यांनी फुकट दवाखाने चालवले, पोरांना सकाळचा नाश्ता दिला, ते थोड्यांना ठाऊक आहे. आणि सत्तरच्या दशकात त्यांनी 'सेफ' नावाचा एक कार्यक्रम चालवला, तो जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना पेन्शनचा चेक वटवायला जाताना वाटेत लुटलं जायचं. पँथरची पोरं गाडी घेऊन यायची, म्हाताऱ्यांना बँकेत न्यायची, दुकानात न्यायची, दवाखान्यात न्यायची, घरी आणून सोडायची. ज्या पोरांना अख्खी पोलीसयंत्रणा घाबरत होती ती पोरं म्हाताऱ्या बाईची पिशवी धरून रांगेत उभी होती. क्रांती म्हणजे काय, याचं याहून चांगलं चित्र मला ठाऊक नाही.

आता तुम्हाला विचारतो. १९७२चा वीस वर्षांचा पँथर आज सत्तरीच्या पुढं आहे. नामांतरात १९७८ साली डोकं फुटलेला पोरगा आज साठी ओलांडून गेला आहे. १९५६च्या दसऱ्याला बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेलेलं पोर आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. ही माणसं कुठं आहेत? जयंतीला त्यांचा सत्कार करता, शाल घालता, फोटो काढता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रक्तदाबाची गोळी संपली की नाही, कोणी बघतं? नेत्याच्या वाढदिवसाला दवाखान्यात फळवाटप करता. संत्री वाटता, तीही आम्हीच तोडलेली. १४ एप्रिलला डीजेच्या भिंती उभ्या करता. त्या भिंतीमागच्या घरात एक बुढी कानात बोळे घालून रात्र काढते. एका रात्रीच्या भाड्यात रक्तदाब मोजायची यंत्रं किती येतील, चष्मे किती येतील, हिशेब मांडा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.

तुमच्याकडं विहार आहे, गाडी आहे, मोबाईल आहे, इंग्रजी फॉर्म वाचता येतो. यातलं काही त्यांच्याकडं नव्हतं. त्यांनी ते तुमच्यासाठी उभं केलं. तेव्हा दर रविवारी विहारात दोन तास. वस्तीतल्या साठीच्या पुढच्या, आणि मजुरी केलेल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाची वही करा. डोळे तपासा, मोतीबिंदूवाल्यांना गाडी करून न्या आणि परतही आणा. रक्तदाब मोजा, आकडा वहीत लिहा. पंधरा मिनिटं उठबशीचा व्यायाम घ्या, वंदनेनंतर घेतला तर धम्म बाटत नाही. आजारी भिक्खूची घाण स्वतः बुद्धानं धुतली होती. एक टेबल फॉर्मचं, दाखल्याचं, अंगठा न उमटणाऱ्यांचं. आणि एक कोपरा नुसता ऐकायचा. बुढी बोलते ते ऐका. तुमच्या चळवळीचा अर्धा इतिहास तिच्या तोंडात आहे आणि तो तिच्यासोबत जाळला जाणार आहे.

पण हे करताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. आपण सरकारचं काम फुकटात करून द्यायला बसलेलो नाही. ही वही म्हणजे पुरावा आहे. तो घेऊन कचेरीत जायचं आहे. आणि तिथं या मागण्या ठेवायच्या आहेत.

एक. अंगमेहनतीनं जगलेल्या माणसाचं पेन्शनीचं वय ६५ नको. पुरुषाला ५५, बाईला ५०.

दोन. २१ हजारांची अट रद्द. तीर्थाला जो गरीब, तो भाकरीलाही गरीब.

तीन. पेन्शन किमान वेतनाच्या निम्मी आणि महागाईबरोबर वाढणारी. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पेन्शन परिषदेनं २०१२ साली दिल्लीला जाऊन दोन हजारांची मागणी केली होती. आपण अजून तिच्या अलीकडंच आहोत.

चार. वयोवृद्धांचा दवाखाना कोणत्या वारी, ते पाटीवर लिहा. रक्तदाब-साखरेची गोळी एका वेळी महिनाभराची द्या. प्रत्येक फेरीत एक रोज बुडतो.

पाच. अंगठा उमटला नाही म्हणून कोणाचा पैसा अडणार नाही. हयात तपासायची असेल तर सरकारनं दारात यावं.

सहा. ही सगळ्यात महत्त्वाची. महाराष्ट्रात १९६९चा माथाडी कायदा आहे. मालक मजुरीवर लेव्ही भरतो, ती मंडळात जमते, त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळतो, ग्रॅच्युइटी मिळते. ओझं उचलणाऱ्यानं लढून मिळवलेला कायदा आहे हा. मग वावरातून कॅरेट उचलून ट्रकपर्यंत आणणाऱ्याला मंडळ का नाही? वरूडहून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कॅरेटमागं लेव्ही लावा आणि तोडणाऱ्या, वाहणाऱ्या, निंदणाऱ्या मजुरांच्या नावानं जमा करा. व्यापारी ओरडेल. ओरडू दे. कॅरेटला भाडं आहे, हमाली आहे, दलाली आहे. ज्या मानेवरून ते गेलं त्या मानेचंही काही असू दे.

दरसाल आमच्या बुढ्यांकडून हयातीचा दाखला मागता. त्यांनी आणून दिला. उन्हात उभं राहून, रोज बुडवून, घासलेला अंगठा पुन्हा पुन्हा पुसून दिला. आता पाळी तुमची. दोनशे रुपयांवर अठरा-एकोणीस वर्षं झोपलेलं हे सरकार जिवंत आहे की नाही, याचा दाखला आम्हाला पाहिजे. आम्ही तो घ्यायला येत आहोत. सोबत बुढ्या असतील. त्यांना बसायला खुर्च्या ठेवा.

जय भीम.